मान्सून म्हणजे नुसता पाऊस नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात कुठेही जोराची सर आली की आपल्या दैनिकात 'मान्सून बरसला' असा मथळा येतो. इंग्रजीतून आपल्याकडे रुळलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पाऊस नाही. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. अरब नाखव्यांच्या लेखी तो समुद्रप्रवासाचा काळ होता: कोणत्या वाऱ्यावर शीड उभारून दाभोळ-चौलकडे यायचं आणि वारा फिरला की कधी परतायचं, हे त्यावर ठरे. पोर्तुगीजांनी तो शब्द आपल्या जिभेवर वळवला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला. आपला 'मोसम' त्याच अरबी शब्दातून फारसीमार्गे आधीच आला होता. म्हणजे 'मान्सूनचा मोसम' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो!

1686 साली एडमंड हॅलीने (धूमकेतूवाला तोच) व्यापारी वारे आणि मान्सून यांचा नकाशा छापला. तो वाऱ्यांचाच नकाशा होता. वाऱ्याचं नाव पावसाला चिकटलं ते पुढे, आणि आता तर 'मान्सून सेल'सुद्धा लागतो.

सेलचं मला काही नाही, बातमीचं आहे. आमच्याकडे मेअखेरीचा वळीव दुपारनंतर सह्याद्रीकडून, पूर्वेकडून गडगडत येतो आणि तासाभरात निवतो. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो. आधी नैऋत्येचा वारा धरतो, लाट जड होते, मग सरींवर सरी. केरळात मान्सून आल्याचं जाहीर करताना हवामान खातंही नुसता पाऊस मोजत नाही, पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि वेगही पाहतं. 2025 मध्ये तो 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, तेव्हा मे महिन्यात मान्सून येतच नाही असंही नाही. म्हणूनच नेमकेपणा हवा. वळवाला मान्सून समजून कुणी भातरोपांचा तरवा पेरला आणि पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर कोवळं रोप पिवळं पडून करपतं. बियाणं, मजुरी आणि हाताशी आलेला वाफसा (पेरणीजोगी ओल), सगळंच जातं.

तरी विनंती अशी, की वळीव असेल तिथे 'वळीव'च छापावं आणि मे-जूनमध्ये पावसाच्या आकड्याशेजारी किनाऱ्यावरच्या वाऱ्याची दिशा व वेगही रोज द्यावा.

आपला,
एक वाचक, हर्णै (ता. दापोली)