बाबांची झडप आणि तू पाठवलेला तो अभ्यास

गिरगाव, मुंबई
१२ जानेवारी

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण तिघं एकदम बोलायला लागलो की दादाचा आवाज चढतो, तुझा त्याहून चढतो आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. बाबांच्या हृदयाच्या गळक्या झडपेला क्लिप बसवली त्याला काल अकरा महिने झाले. त्या वेळी तू म्हणाली होतीस, "बाबांवर प्रयोग चाललाय तुमचा." ते मला फार लागलं होतं. पण तू पाठवलेला फ्रान्सचा अभ्यास खोटा नव्हता, आणि तो मी बाजूला टाकला असं तुला वाटत असेल, तर तसं झालेलं नाही.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, महिन्याभराच्या अंतराने, दोन अभ्यास छापून आले. प्रश्न एकच होता. हृदय कमजोर होऊन मायट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, झडप गळायला लागली, तर औषधांच्या जोडीला क्लिप लावून उपयोग होतो का? फ्रान्सच्या 'मित्रा-एफआर'मध्ये ३०४ रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा ॲडमिट, यांतलं एक तरी क्लिप लावलेल्यांपैकी ५४.६ टक्के जणांच्या वाट्याला आलं, नुसत्या औषधांवर असलेल्यांत ५१.३. म्हणजे फरक नाहीच. अमेरिका-कॅनडाच्या 'कोॲप्ट'मध्ये ६१४ जण. तिथे दोन वर्षांत औषधांवरचे ४६.१ टक्के गेले आणि क्लिप लावलेले २९.१. दादा अमेरिकेचा कागद धरून बसला, तू फ्रान्सचा. महापालिकेच्या शाळेत एवढी वर्षं गणित शिकवताना दोन मुलांची उत्तरं वेगळी आली, की दोघांनी गणित तरी एकच उतरवून घेतलंय ना, हे मी आधी बघायची. इथे गणितच वेगळं होतं.

आपल्या खोलीचं जुनं दोन फळ्यांचं दार आठवतं? चौकट सरकली आणि फळ्या मधे मिळेनाशा झाल्या. फळ्यांत दोष काहीच नव्हता. बाबांच्या झडपेचं तेच झालं. ॲटॅकनंतर हृदयाचा डावा कप्पा फुगला, झडपेच्या दोन्ही पाकळ्या ओढल्या गेल्या आणि मधल्या फटीतून रक्त उलटं फुफ्फुसाकडे यायला लागलं. रात्री उशाला तीन उश्या, पायाला सूज, तो सगळा त्रास त्यातूनच. फ्रान्सच्या रुग्णांत कप्पे खूप जास्त फुगलेले होते आणि गळती त्या मानाने लहान, गळतीचं भोक सरासरी ३१ चौरस मिलिमीटर. अमेरिकेतल्यांत भोक मोठं, सरासरी ४१, आणि कप्पा तेवढा ताणलेला नाही. चौकटच पार गेली असेल तर मधे कडी लावून किती फरक पडणार? पण चौकट अजून उभी आहे आणि फट मात्र मोठी आहे, तिथे कडी कामाला येते.

आणखी एक. अमेरिकेतल्या अभ्यासात रुग्ण घेण्याआधी त्याची औषधं सोसतील तेवढ्या पूर्ण मात्रेवर नेली होती. त्यानंतरही ज्यांची गळती राहिली, त्यांनाच घेतलं. आपल्या डॉक्टरांनी तीन महिने नुसत्या गोळ्या वाढवल्या, तेव्हा दादा त्यांच्यावर चिडला होता, वेळ घालवतात म्हणून. तू म्हणालीस, बघा, त्यांनाही खात्री नाही. दोघांच्या लक्षात आलं नाही, की ते तीन महिने हाच निर्णयाचा भाग होता. काहींची गळती गोळ्यांनीच कमी होते. बाबांची नाही झाली. मग घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. भोक ४२ चौरस मिलिमीटर. कप्पा आकुंचन पावल्यावर ५८ मिलिमीटर, अमेरिकेच्या अभ्यासाची मर्यादा ७० ची होती. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते, ३२ टक्के. हे आकडे मी वहीत लिहून घेतले आणि तुम्हा दोघांच्या कागदांशेजारी ठेवून पाहिले. बाबा फ्रान्सच्या गणितातले नव्हते. एवढं दिसल्यावर मी हो म्हटलं.

उघडी शस्त्रक्रिया का नाही, हे तू पुन्हा पुन्हा विचारलंस. वय ७७, बायपास आधी झालेली, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडंही थकलेली. दुसऱ्यांदा छाती उघडायला सर्जननीच नको म्हटलं. क्लिपची कल्पना मात्र सर्जनचीच आहे, हे मला आवडलं. ऑट्टाव्हिओ अल्फिएरी नावाच्या इटालियन सर्जननी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गळक्या झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध टाका घालून जोडल्या. दोन्ही बाजूंनी रक्त जायला वाट राहते, मधली फट बंद. तोच टाका आता जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून, क्लिपने घालतात. माणसाला पहिल्यांदा ही क्लिप लावली २००३ मध्ये. तेव्हा प्रयोग होता, हे खरं.

त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. पूर्ण भूल, कॅथ लॅब, बाहेर मी आणि वहिनी. क्लिप एका पाकळीवरून सुटू शकते, झडप प्रमाणाबाहेर अरुंद होऊ शकते, हे सगळं वाचून सही केली होती. पहिल्यांदा पकड नीट बसली नाही, तेव्हा क्लिप उघडून पुन्हा धरली. सोडण्याआधी तसं करता येतं. तिसऱ्या दिवशी घरी आलो.

आता आजची स्थिती, जशी आहे तशी. गळती चारवरून एकवर आली (चार म्हणजे सगळ्यात जास्त). पंपिंग ३४, म्हणजे होतं तिथेच. हृदयाचा स्नायू क्लिपने बरा होत नाही, हे तू म्हणत होतीस आणि ते बरोबर आहे. आदल्या वर्षी चार वेळा ॲडमिट केलं होतं, या वर्षी एकदाच, गणपतीत, लोणचं आणि वेफर्स हाताशी राहिले म्हणून. सहा मिनिटांच्या चालण्यात १९० मीटर चालायचे, आता २८५ चालतात. पण मला मीटरपेक्षा जिना जास्त कळतो. आपल्या शेहेचाळीस दगडी पायऱ्या उतरून ते चौपाटीपर्यंत जातात, येताना पहिल्या मजल्यावर थांबतात, दम घेतात आणि वर येतात. रात्री एकाच उशीवर झोपतात. मागच्या वर्षी मी रात्ररात्र त्यांचा श्वास मोजत बसायची. आता मी झोपते.

तरी पुढचंही तुला माहीत असलेलं बरं. त्याच अमेरिकेच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे आकडे २०२३ मध्ये आले. क्लिप लावलेले ५७.३ टक्के तोवर गेले होते, औषधांवरचे ६७.२. फरक आहे, पण अर्ध्याहून जास्त माणसं दोन्हीकडे गेली. बाबांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे उरलेलं घरी काढता येईल ना?" मी हो म्हटलं. पाच वर्षांत हॉस्पिटलच्या फेऱ्या क्लिप लावलेल्यांच्या खरंच बऱ्याच कमी होत्या, म्हणून हो म्हणता आलं.

पैशाचं तू एकदाच बोललीस, मग गप्प झालीस. माझ्या म्हातारपणाची ठेव मोडली याचं तुला वाईट वाटतं, मला ठाऊक आहे. रक्कम मोठी होती. पण मेधा, ती ठेव मोडायचं मी ठरवलं, कुणी मला भरीला घातलं नाही. पेन्शन आहे, जागा आहे. दादाला त्यावरून बोलू नकोस.

पुढचा इको २४ तारखेला, शनिवारी सकाळी आहे. नागपूरहून शुक्रवारी रात्री निघू नकोस, थकशील, गुरुवारीच ये. तुझ्या शंका डॉक्टरांना तूच विचार, मी वही घेऊन शेजारी बसेन. येताना संत्र्याची बर्फी आण, बाबा विचारत होते. खारं काही नको. त्यांचं रोजचं सकाळचं वजन मी कॅलेंडरवर लिहिते, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा असतो. तू इथे आहेस तेवढे दिवस ते तू लिही.

तुझी,
आई