रविवारच्या फोननंतर

डेटन, ओहायो
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री मी जे बोललो ते त्या वेळी बोलायचं नव्हतं. सकाळी तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हेड कोचना काढलं, दुपारी तुम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगितलं की नवा माणूस येईपर्यंत काम चालू ठेवा, कोणाला ठेवायचं ते तो ठरवील. आणि रात्री पोरानं घरी फोन केला तर बाप काय म्हणाला? "आता तरी पुरे कर." तू वाद घातला नाहीस. "फोन ठेवतो, बाबा," एवढंच म्हणालास. चार दिवस तेच कानात आहे.

म्हणून लिहायला बसलो. मराठीतच लिहितो, कारण इंग्रजीत मला तुझ्याशी फक्त वाद घालता येतो. अक्षर मोठं काढलंय. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

नोकरीबद्दल लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय. पण एक आधी विचारून घेतो. बोलता बोलता तू म्हणालास, छातीत जळजळ होते, अ‍ॅसिडिटी आहे, टम्सच्या गोळ्या खाल्ल्या की बरं वाटतं. कधीपासून? जेवल्यावर होते की स्टेडियमच्या पायऱ्या चढताना? तू ते मध्येच सांगून पुढे गेलास आणि मीही त्या वेळी माझ्याच तावात होतो. रात्री अडीचला जाग आली तेव्हा आठवलं. मग झोप लागली नाही.

असो. काल सह्यांचा दिवस होता, हायस्कूलची मुलं कॉलेजच्या संघात यायची सही करतात तो. सूनबाईनं, केटनं, आईला सांगितलं की पहाटे पाचला तू ऑफिसात होतास, आणि तू संघात आणत असलेल्या चारही मुलांच्या घरी आदल्या रात्री तू स्वतः फोन केलेस. त्यांच्या आयांना सांगितलंस की मी इथे असेन याची खात्री देता येत नाही, माझ्याकडे बघून सही करू देऊ नका, कॉलेज आवडलं असेल तर करा. स्वतःच्या पायाखालची जमीन गेलेली असताना दुसऱ्याच्या मुलाचा असा विचार करणं मला तुझ्या वयात जमलं नसतं. आईनं हे मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि मी उठून गॅरेजमध्ये गेलो. फोनवर "पुरे कर" म्हणणारा मीच होतो ना.

पण पहाटे पाचला म्हणजे झोपलास कधी? ऑफिसातल्या सोफ्यावर उशी-पांघरूण असतं हे मला माहीत आहे, तुझ्या छोटीनंच व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. रविवारी सकाळपासून शनिवारच्या सामन्याची फिल्म, प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेचे गुण. संध्याकाळपासून पुढच्या संघाची फिल्म. मंगळवार-बुधवारी सराव आणि रात्री पुन्हा आखणी. शुक्रवारी संध्याकाळी जरा मोकळीक मिळाली की गाडी काढून कुठल्यातरी हायस्कूलचा सामना बघायला जायचं, कारण तिथे बचावात खेळणारा एखादा सोळा वर्षांचा कॉर्नरबॅक आहे. शनिवारी सामना. ऑगस्ट ते नोव्हेंबर हेच. आणि ते संपलं म्हणून जरा टेकावं तर नवी मुलं मिळवायचं रिक्रूटिंग, खेळाडू कॉलेज बदलतात ते पोर्टल, आणि आता हे. मी कारखान्यात तीन पाळ्या केल्या आहेत, पण तिसरी पाळी संपली की माणूस घरी तरी येत होता.

हे लेक्चर झालं. माफ कर. आईनं डोकावून वाचलं तर रागावेल.

तुला वाटतं मला या कामातलं कळत नाही. फुटबॉलचं सगळं कळत नाही हे खरं, पण तू काय काय केलंस ते मी एकेक वर्ष मोजलंय. २०१४मध्ये डिग्री हातात घेऊन तू त्या छोट्या कॉलेजात गेलास, हॉस्टेलची खोली आणि मेसचं जेवण हाच पगार. मग दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे फी माफ, खर्चाला थोडे पैसे, आणि विमानतळावरून पाहुण्यांना आणण्यापासून सगळी कामं. मग क्वालिटी कंट्रोल, म्हणजे कोचांचा फिल्म बघणारा मदतनीस, मग अ‍ॅनालिस्ट. ती अ‍ॅनालिस्टची वर्षं मला सगळ्यात जड गेली. मैदानावर शिकवायचा अधिकार दहाच असिस्टंट कोचना. बाकीच्यांनी रात्र रात्र जागून फिल्म कापायची, समोरचा संघ तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारातल्या तिसऱ्या प्रयत्नाला, काय करतो ते शोधून कागदावर मांडायचं, आणि सरावाच्या वेळी पोरगं डोळ्यांसमोर चुकत असलं तरी तोंड उघडायचं नाही. नियमच होता तसा. थँक्सगिव्हिंगला आला होतास तेव्हा तू म्हणालास, "बाबा, तो पाय चुकीचा टाकतो हे मला दिसतं आणि मला सांगता येत नाही." ताट तसंच ठेवून उठला होतास.

म्हणून २०२४च्या उन्हाळ्यात कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएएनं ती मर्यादा काढली तेव्हा तुझ्याआधी मी बातमी वाचली होती. तुला फोन केला, तू मीटिंगमध्ये होतास. मग सप्टेंबरात आम्ही सामन्याला आलो आणि पहिल्यांदा तुला मैदानाच्या कडेला गुडघ्यावर बसून एका पोराला हातांनी काहीतरी दाखवताना पाहिलं. तो तुझ्याहून वीतभर उंच. मान हलवत होता. त्या संध्याकाळी तुम्ही हरलात, स्कोअर मला आठवत नाही.

दोनच मोसम झाले त्याला. आणि आता पुन्हा पेट्या भरायच्या.

रविवारी मी कोच डाबो स्विनीचं उदाहरण दिलं ते तुला लागलं, हे मला कळलं. अलाबामा विद्यापीठानं २०००मध्ये सगळा स्टाफ काढला तेव्हा तो दोन वर्षं शॉपिंग सेंटरच्या जागा भाड्यानं देण्याच्या धंद्यात होता, २००३मध्ये क्लेम्सन विद्यापीठानं बोलावलं, पुढे तिथेच हेड कोच झाला आणि दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मला म्हणायचं होतं की मध्ये दुसरं काम केलं म्हणून दरवाजा बंद होत नाही. तू ऐकलंस ते असं की बाबांना मी रिअल इस्टेट करायला हवाय. तसं नाही रे. पुढे एवढा मोठा कोच झालेल्या निक सेबनलासुद्धा ओहायो स्टेटमध्ये असिस्टंट असताना १९८१च्या मोसमानंतर काढलं होतं, हे तूच मला सांगितलं होतंस, कॉलेजात असताना, डोळे मोठे करून. मनातलं सांगू का? मला तू कोच बड फॉस्टरसारखा व्हायला हवा होतास. १९८७ ते २०१९, एकच कॉलेज व्हर्जिनिया टेक, एकच गाव. बापाला मुलाचा पत्ता पाठ असावासा वाटतो. माझ्या वहीत तुझे सहा पत्ते खोडलेले आहेत.

आणि कामावरून काढणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. २००८चा डिसेंबर तुला आठवत असेल. नाताळाच्या आठवड्यात आमचा कारखाना बंद झाला. तू सोळा वर्षांचा. मी सकाळी साडेपाचला उठायचो, चहा करायचो आणि मग काय करायचं ते सुचायचं नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये तू शाळेतून आलास आणि म्हणालास, कोचना सामन्यांची फिल्म काढायला माणूस हवाय, पैसे मिळणार नाहीत. तू त्यांना आधीच माझं नाव देऊन आला होतास. ते मला फार उशिरा कळलं.

प्रेस बॉक्सच्या पत्र्यावर ट्रायपॉड लावून दहा शुक्रवार मी उभा राहिलो. पहिल्या सामन्याची फिल्म तू घरी बघितलीस आणि म्हणालास, "बाबा, बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका. बॉल कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसतं. बावीसच्या बावीस दिसले पाहिजेत." दुसऱ्या शुक्रवारपासून मी कॅमेरा हलवला नाही. तेव्हा कुठे मला तू दिसायला लागलास. सगळ्यांच्या मागे, एकटा सेफ्टी, हात हलवून बाकीच्यांना जागा दाखवणारा. बॉल तुझ्याकडे क्वचितच यायचा. तुझे आजोबा, आबा, कबड्डीच्या मैदानाबाहेर अगदी असेच उभे राहायचे.

आबांकडे वळलोच आहे तर लिहितो. आई काही म्हणो.

ते शाळेत पी.टी.चे मास्तर, हे तुला माहीत आहे. संघ घेऊन एसटीनं कधी विट्याला, कधी इस्लामपूरला, कधी कराडला. परत यायला रात्रीचे बारा. पोरांना ज्याच्या त्याच्या घरी सोडून मग स्वतः घरी. १९८१मध्ये मी वालचंद इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला होतो. तासगावहून संघ जिंकून आला, आबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पित्त झालंय." आजीनं आलं-लिंबाचा रस दिला. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं त्यांना, पाठीला उशी घेऊन सामन्याबद्दल बोलत होते. पहाटे मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणपन्नास वर्षांचे होते.

तू "टम्स खाल्ल्या की बरं वाटतं" म्हणालास तेव्हा मला तो ओटा दिसला. एवढंच आहे. रविवारचं माझं सगळं ओरडणं त्यातून आलं, नोकरीतून नाही.

तुझं म्हणणं असेल की मी तेहतीस वर्षांचा आहे, व्यायाम करतो, आबांसारखी विडी ओढत नाही. कोच बो शेम्बेक्लर चाळीस वर्षांचा होता. मिशिगनमधलं पहिलंच वर्ष, रोझ बोल या मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री हार्ट अटॅक आला आणि १९७०चा पहिला दिवस त्यानं हॉस्पिटलात काढला. वेळेत कळलं म्हणून पुढे वीस वर्षं कोचिंग केलं. तो गेला तो शुक्रवार तुला आठवतो का? नोव्हेंबर २००६, दुसऱ्या दिवशी कोलंबसला ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, पहिला नंबर विरुद्ध दुसरा. आपल्या घरात मिशिगनचं नाव घ्यायचं नाही असा तुझाच दंडक. आणि तू चौदा वर्षांचा, शाळेतून येऊन दप्तर न उतरवता टीव्हीसमोर उभा राहून रडलास. मी म्हटलं, तो तर त्यांचा कोच. तू म्हणालास, "पण तो आधी आपल्याकडे असिस्टंट होता, बाबा." शनिवारी आपण ४२-३९ जिंकलो तरी तू उड्या मारल्या नाहीस.

माझे डॉक्टर सांगतात की आपल्याकडच्या घरांमध्ये हा आजार लवकर गाठतो आणि वजनावरून काही कळत नाही. लिपोप्रोटीन-ए नावाची रक्ततपासणी असते, आयुष्यात एकदा केली तरी पुष्कळ कळतं. माझं वाढलेलं निघालं होतं. हे मी तुला आठ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. २०१७ला माझ्या स्टेंट टाकल्या त्या गुरुवारी, आणि तुझा सामना होता शनिवारी. मीच आईला शपथ घातली होती की सामना होईपर्यंत त्याला कळवायचं नाही. रविवारी कळल्यावर तू नऊ तास गाडी चालवून आलास, हॉस्पिटलच्या दारातच ओरडलास, "मला का नाही सांगितलं?" बरोबर होतं तुझं. आता मी तेच विचारतो आहे.

कंत्राट जानेवारीअखेर संपलं तर विमाही संपेल. पुढे कोब्रा, म्हणजे तोच विमा स्वतःच्या खर्चानं, घेता येतो, पण त्याचा हप्ता तुला झेपणार नाही आणि मी भरतो म्हटलं तर तू भरू देणार नाहीस. म्हणून याच महिन्यात जा. जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन आहे, तू तिथल्या लॉबीत उभा राहून ओळखीपाळखी काढणार, ते मला दिसतंय. जरूर जा. लोकांना भेट. काम मिळेल. तुझं काम बघितलेला कोणीतरी असेलच तिथे. फक्त त्याआधी एक सकाळ डॉक्टरला दे. पायऱ्यांचं खरं सांग त्यांना. आबांचं आणि माझं दोघांचं सांग.

गणपतीला तू गेली अकरा वर्षं घरी नाहीस, मोसमच तेव्हा असतो. आई दरवर्षी तुझ्या नावाचे पाच मोदक बाजूला काढते आणि मग शेजारी देते. पुढच्या सप्टेंबरात तू कुठल्याही गावच्या मैदानावर असलास तरी मी काही म्हणणार नाही. पुरे कर असं पुन्हा म्हणणार नाही. हे मी लिहून देतो, आईसमोर.

पेट्या भरायला मी येऊ का? ट्रक मी चालवतो, केटला म्हणावं तिनं छोटीला घेऊन पुढे जावं. कुठे जायचं ते ठरलं नसेल तर सामान आपल्या तळघरात राहील. कॅमेऱ्याचा तो ट्रायपॉड हलवला की जागा होते.

मेथीचे लाडू कुरियरनं पाठवलेत, शनिवारपर्यंत पोचतील.

ईसीजी काढलास की कागदाचा फोटो पाठव. सोबत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
बाबा