इटालियन टाइल्सचे श्रेय भट्टीलाही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घरसजावट पुरवणीत नुकताच इटालियन टाइल्सवर सचित्र लेख आला. फोटो देखणे होते, पण मजकूर रंग, पोत आणि 'लक्झरी लुक' यांपलीकडे काही गेला नाही. टाइल्सच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे खटकले. इटलीने या धंद्याला जे सर्वांत मोठे दिले, ते टाइलच्या तोंडावर दिसतच नाही. ते भट्टीत घडले, आणि लेखात भट्टीवर एक ओळही नव्हती.

मारात्सी कंपनीचेच घ्या. उत्तर इटलीत मोदेनाजवळच्या सास्सुओलो गावात फिलिप्पो मारात्सी यांनी 1935 साली हा कारखाना काढला. बांधकाम इतके तकलादू की लोक त्याला 'पुठ्ठ्याचा कारखाना' म्हणत. मातीकाम मात्र गावाला नवे नव्हते. झिलईदार, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर दिलेली भांडी घडवणारा कारखाना तिथे 1741 पासून होता. जवळच्या टेकड्यांत लाल माती होती, पो नदीच्या खोऱ्यात नैसर्गिक वायू सापडला, आणि महायुद्धात पडझड झालेला देश पुन्हा उभा करायचा होता. मग गिऱ्हाईक शोधत फिरायची वेळ कशाला येते!

देखणेपण त्यांनी सोडले असे नाही. 1960 मध्ये जिओ पॉन्ती आणि अल्बेर्तो रोसेल्ली या वास्तुविशारदांनी मारात्सीसाठी चारही कडांना बाक असलेली टाइल आखली. तोवर टाइल म्हणजे चौकोन, हे जणू ठरूनच गेले होते. पुढे लुईजी गिर्री या नामवंत छायाचित्रकाराने बरीच वर्षे या कंपनीच्या टाइल्सचे फोटो काढले. हे सगळे पुरवणीत शोभणारेच आहे. पण 1974 साली मारात्सीने 'मोनोकॉत्तुरा' म्हणजे एकाच भाजणीच्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्याचे मोल माझ्या मते या सगळ्याहून जास्त.

तोवर टाइल दोनदा भाजत. आधी नुसती माती भाजून 'बिस्किट' करायचे, मग त्यावर झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालायचे. या सगळ्याला सोळा ते वीस तास लागत. कच्च्या टाइलवरच झिलई देऊन दोन्ही एकदम भाजावे, हे सुचायला सोपे, करायला महाकठीण. माती तापली की तिच्यातून वायू सुटतात. वर झिलई आधीच वितळून बसली असेल, तर तिला पापडासारखे फोड येतात किंवा टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. म्हणजे मातीतला वायू निघून जाईपर्यंत झिलईने थांबायचे आणि मगच वितळायचे, असे मिश्रण जुळवावे लागले. जोडीला रोलरवरून एकेरी थरात टाइल्स पुढे सरकवणारी लांबलचक भट्टी आली आणि काम तासाभराच्या आत आले. इंधन वाचले, मजुरी वाचली आणि भाव उतरले. आज मध्यमवर्गीयाच्या न्हाणीघरातही छतापर्यंत टाइल लागते, तिची मुळे इथे आहेत.

ही विद्या एका कारखान्याच्या कुंपणात राहिली नाही. सास्सुओलो आणि शेजारच्या फिओरानोत कारखान्याला कारखाना लागून. कारागीर आज इथे, उद्या तिथे. यंत्रे बनवणारेही हाकेच्या अंतरावर. फिओरानोच्या 'सिस्टेम' कंपनीने 1994 मध्ये सिलिकॉनच्या रुळाने टाइलवर छपाई करणारे यंत्र आणले. इमोलाची 'साक्मी' तर 1919 साली नऊ मेकॅनिक-लोहारांनी सहकारी तत्त्वावर उभी केलेली, आणि आजही सहकारीच! टाइल्सचे प्रेस (माती दाबून टाइल घडवणारी यंत्रे) आणि भट्ट्या बनवण्यात तिचा जगभर दबदबा आहे. साखर कारखान्यांच्या राजकारणात मुरलेल्या आपल्या सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना हे वाचायला नक्की आवडले असते.

या वैभवाची काळी बाजूही सांगायला हवी होती. 1970 च्या दशकात झिलईतले शिसे आणि मातीतून सुटणारे फ्लोरीन धुराबरोबर सास्सुओलो परिसरात पसरले. ओरड झाली, नियम कडक झाले, धुराड्यांवर गाळण्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे गुजरातमधल्या मोरबी या टाइल्सच्या गावात तीच पाळी 2019 मध्ये आली, हरित लवादाने कोळशाचे गॅसिफायर (कोळशापासून भट्टीसाठी वायू बनवणारी यंत्रे) बंद करायला लावले तेव्हा. महाराष्ट्रातल्या दुकानांत 'इटालियन डिझाइन' म्हणून खपणारा बहुतेक माल मोरबीचाच असतो, आणि तिथले कितीतरी प्रेस इटलीहून आलेले आहेत. यंत्रे विकणारा युरोपच. आणि त्या यंत्रांवरचा माल स्वस्तात दारात येऊ लागल्यावर 2023 मध्ये भारतीय टाइल्सवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर, लावणाराही युरोपच. यात मला तरी गंमत वाटते.

गिऱ्हाईक दुकानात येते, टाइलच्या तोंडावरून हात फिरवते आणि 'इटालियन आहे ना?' विचारते. मी टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडतो. भिंतीच्या साध्या टाइलमध्ये तो बघता बघता मुरतो. चांगल्या व्हिट्रिफाइडवर, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइलवर, तसाच बसून राहतो, कारण तिचे पाणी शोषण अर्ध्या टक्क्यापलीकडे जात नाही. मग खोक्यावरचा शेड नंबर, म्हणजे त्या खोक्यातल्या टाइल्सची रंगछटा सांगणारा आकडा, दाखवतो. दोन वेगळ्या शेडची खोकी एकाच हॉलमध्ये फोडली, की डिझाइन कुठल्याही देशाचे असो, मधोमध पट्टा उमटलाच म्हणून समजा.

तेव्हा विनंती एवढीच: पुढच्या लेखात एक फोटो टाइलच्या पाठीचाही छापावा, आणि शेड नंबर कसा वाचायचा त्याची छोटी चौकट द्यावी. आम्हा दुकानदारांची निम्मी भांडणे त्यावरूनच होतात.

आपला,
एक टाइल्स विक्रेता, सांगली