आधी मैदानाच्या पोटात पैसा घाला, दिवे नंतर लावा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोल्हापुरातील फुटबॉल मैदाने, शालेय स्पर्धा आणि पेठांची ईर्ष्या

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या फुटबॉलची आठवण मुंबईला बहुधा दोनच वेळा होते. एखादा पोरगा देशाकडून खेळला की सत्कार होतो आणि मैदानात हाणामारी झाली की बंदीची भाषा सुरू होते. एरवी अधूनमधून घोषणा कानावर येतात : फ्लडलाइट, कृत्रिम टर्फ, नवी गॅलरी. या तिन्ही गोष्टी फोटोत छान दिसतात, याबद्दल वाद नाही. पण निधी द्यायचाच असेल तर तो आधी जमिनीखाली घाला, मग गॅलरीच्या दरवाजांवर, आणि त्यानंतर शालेय स्पर्धेच्या वेळापत्रकावर. वेळापत्रकाला तर फारसा पैसाही लागत नाही.

इथला फुटबॉल तालमींतून आला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळे आहेत. कुस्तीच्या आखाड्याशेजारी चेंडू आला आणि पेठेची इज्जत त्याच्याशी बांधली गेली. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील समोरासमोर आले की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतली दुकाने दुपारनंतर अर्धी रिकामी होतात. ही ईर्ष्या आहे म्हणून शाहू स्टेडियमवर भर उन्हात माणूस तिकीट काढून बसतो. ती संपवून काहीही मिळणार नाही. फक्त तिला धड मैदान आणि धड दरवाजे हवेत.

मैदानापासून सुरुवात करू. शिवाजी पेठेतले गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ तळे. तळे गेले, पण आसपासच्या भागाचा उतार आजही तिकडेच आहे, त्यामुळे दर पावसाळ्यात तिथे पुन्हा तळे होते. दरवेळी उपाय एकच सुचतो : भर टाका, मुरूम पसरा, रोलर फिरवा. एवढ्याने पाणी जात नाही. दहा टनी रोलर फिरला की खालचा थर रस्त्यासारखा घट्ट होतो. वर टाकलेली लाल माती पहिल्या पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात तिचा फुफाटा उडतो.

हिशेब साधा आहे. खेळाचे क्षेत्र 105 गुणिले 68 मीटर. कडेची मोकळी जागा धरून 115 गुणिले 76, म्हणजे 8,740 चौरस मीटर. एका तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर फक्त तेवढ्या जागेवर 4 लाख 37 हजार लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे जवळजवळ 44 टँकर. गांधी मैदानात आजूबाजूचे येते ते वेगळेच. म्हणून अंदाजपत्रकात पहिला प्रश्न हवा : हे पाणी सोडणार कुठे? ज्या गटारात सोडायचे त्याचा तळ मैदानाखालच्या पाइपच्या तोंडापेक्षा खाली आहे का, हे लेव्हल लावून मोजले पाहिजे. गटाराचा तळ वर असेल, किंवा पावसात ते तुडुंब भरत असेल, तर पाइपमधून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते. अशा ठिकाणी पाइपच्या तोंडाला उलटे पाणी अडवणारी झडप आणि शेजारी साठवण टाकी व दोन पंप लागतात. दोन अशासाठी, की एक हमखास ऐन जुलैत बंद पडतो. आणि पंपाच्या वीजबिलाची तरतूद पहिल्याच दिवशी करून ठेवावी लागते.

पाणी सोडायची सोय झाल्यावर मग थर. मूळ जमिनीला मध्यापासून कडेकडे ढाळ द्यायचा. अर्धा टक्का ढाळ म्हणजे 34 मीटरमध्ये 17 सेंटिमीटर. डोळ्याला तो जाणवत नाही, पाण्याला पुरतो. त्यात दर पाच-सहा मीटरवर चर खणून 100 मिलिमीटरचे छिद्रांचे पाइप, ते कडेच्या मोठ्या पाइपला जोडलेले. वर धुतलेल्या बारीक खडीचा 10 सेंटिमीटरचा थर आणि त्यावर 25 ते 30 सेंटिमीटर वाळूप्रधान माती. 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे 2,622 घनमीटर, सुमारे 925 ब्रास. दबून बसते त्याचा हिशेब वेगळा. बरीच कामे याच आकड्यावर फसतात. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रशसँड, म्हणजे दगड चुरून केलेली वाळू येते, ती न धुता. तिच्यातली भुकटी पहिल्या दोन पावसांत खाली उतरते आणि खडीच्या तोंडाशी पापुद्रा धरते. वरून मैदान हिरवे दिसते, आत पाणी अडलेले असते. निविदेत "वाळू" एवढेच लिहू नका. "धुतलेली" हा शब्द आणि चाळणी चाचणीचा (कणांचा आकार तपासण्याचा) अहवाल, दोन्ही घाला.

एवढा निधी एकदम नसेल तर दुसरा मार्ग आहे. जुनी माती तशीच ठेवून दर मीटरला पाच-सहा सेंटिमीटर रुंद आणि 25 ते 30 सेंटिमीटर खोल फटी पाडायच्या, त्यात वाळू भरायची आणि त्या खालच्या पाइपांना आडव्या जोडायच्या. खर्च बराच कमी येतो. काळ्या मातीत मात्र या फटी उन्हाळ्यात रुंदावतात, त्यामुळे दरवर्षी वरून वाळू पसरावी लागते.

काम झाल्याची खात्री फीत कापून होत नाही. 30 सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी कडे जमिनीत ठोकून पाणी भरा. नव्या वाळूच्या थरातून तासाला 15 सेंटिमीटर पाणी उतरले पाहिजे. अशी चाचणी मैदानाच्या निदान पाच जागी, दोन्ही गोलपोस्टसमोर नक्की. ठेकेदाराचा शेवटचा 20 टक्के हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर आणि ही चाचणी पुन्हा पास झाल्यावरच द्यावा. आमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या मागण्या बाजूला पडल्या तरी चालेल, एवढी अट तेवढी घाला.

गवत लावल्यावर दहा-बारा आठवडे मैदान बंद. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. पुढे वापराचाही हिशेब आहे. चांगले गवती मैदान आठवड्याला सहा-आठ तासांचा खेळ सोसते. हंगामात रोज दोन सामने आणि आठवड्यातले पाच दिवस धरले तर 15 तास होतात. मग फेब्रुवारीत गोलपोस्टसमोर जमीन उघडी पडते, यात माळ्याचा दोष नसतो. एका मैदानावर शहराचा सगळा भार टाकून वर ते हिरवे का नाही, असे विचारणे बरोबर नाही.

मग कृत्रिम टर्फ का नको? नकोच असे नाही. सरावासाठी एखादे असावे. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो, आणि इथला हंगाम नेमका तेव्हा रंगात असतो. रबरी बूट घालून खेळणाऱ्या पोराचे तळवे भाजतात. आयुष्य आठ-दहा वर्षे, तेही नियमित ब्रश मारला आणि पात्यांमध्ये रबराचे दाणे भरले तर. ते रबराचे दाणे युरोपीय संघाने 2023 च्या नियमाने आठ वर्षांच्या मुदतीत विक्रीतून बाद करायला घेतले आहेत. तिथून हटणारा माल इथे स्वस्तात येणार नाही, याची काळजी खरेदी समितीने घ्यावी.

आता गॅलरी आणि ईर्ष्या. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीतल्या मारामारीतून चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक गेले. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियातल्या कांजुरुहान स्टेडियमवर स्थानिक प्रतिस्पर्ध्यांचा सामना संपल्यावर पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला. लोक दरवाजांकडे धावले, काही दरवाजे नीट उघडेच नव्हते. 135 माणसे मेली. दोन्हीकडे ईर्ष्या पेठेपेठेसारखीच होती. जीव घेतला तो गर्दीला बाहेर पडायला जागा नसल्याने.

म्हणून दरवाजे मोजा. पायऱ्यांवरून मिनिटाला एक मीटर रुंदीतून साधारण 66 माणसे उतरतात, सपाटीवर 82. गॅलरी आठ मिनिटांत रिकामी व्हावी, असा ब्रिटनमधील मैदान-सुरक्षा मार्गदर्शिकेचा दंडक आहे. एका बाजूला 5,000 प्रेक्षक असतील तर मिनिटाला 625 बाहेर पडले पाहिजेत, म्हणजे पायऱ्यांवर एकूण साडेनऊ मीटर रुंदी, 1.2 मीटरचे आठ दरवाजे. कोणत्याही गॅलरीला हे गणित लावून पाहा. दार बाहेर उघडणारे हवे. सामना चालू असताना त्याला कुलूप नको, आणि प्रत्येक दारापाशी एक माणूस उभा हवा, "किल्ली कुणाकडे आहे" हे विचारायची वेळच येऊ नये. गॅलरीत अश्रुधूर कोणत्याही परिस्थितीत नाही, हे गृह विभागाकडून लेखी घ्या.

हुल्लडबाजीवर आजचा ठरलेला इलाज म्हणजे सामना बंद, स्पर्धा बंद. त्यात मार बसतो तो खेळाडूला. फटाका उडवणारा निवांत घरी जातो. त्याऐवजी दोन्ही संघांच्या समर्थकांना समोरासमोरच्या गॅलऱ्या आणि वेगळ्या रस्त्यांची प्रवेशद्वारे द्या. मधला पट्टा रिकामा ठेवा, त्यात जागा वाया गेली तरी जाऊ दे. तिकिटावर गॅलरीचा क्रमांक हवा. सामना संपल्यावर एक बाजू सोडा आणि दुसरी वीस मिनिटे थांबवा. त्या वीस मिनिटांत बक्षीस समारंभ उरकतो, म्हणजे थांबलेल्यांना काही बघायलाही मिळते. दर 100 प्रेक्षकांमागे तालमीतला एक जाणता माणूस ओळखपत्रासह गॅलरीत उभा करा. गल्लीतल्या वस्तादाने नुसते नावाने हाक मारली तरी पोरगा हातातली बाटली खाली ठेवतो. शिक्षा कॅमेऱ्यात दिसलेल्या माणसाला, हंगामभर प्रवेशबंदी. तो पुन्हा आत दिसला तर मंडळाचे गुण कापा. सामन्याच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या खुन्नसच्या रील्सही याच हिशेबात धरा, कारण अर्धे भांडण स्टेडियमच्या बाहेर आधीच ठरलेले असते.

फ्लडलाइटची घाई नको म्हणतो ते याच कारणाने. रात्री साडेनऊला सामना सुटला तर तीच गर्दी अंधारात पेठांच्या अरुंद बोळांत शिरणार. दरवाजे आणि रस्ते नीट झाले की दिवे जरूर लावा.

शेवटचा मुद्दा शाळांचा, आणि आम्हाला तो सगळ्यात जवळचा आहे. पेठेची ईर्ष्या सुरू होते ती शाळेच्या जर्सीत. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळेशी गाठ पडणार म्हटल्यावर दुसऱ्या शाळेतली पोरे आठवडाभर आधी सरावाला येतात. पण सुब्रोतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेची राष्ट्रीय फेरी गाठायची म्हणून जिल्ह्याच्या फेऱ्या भर पावसाळ्यात उरकल्या जातात, तेही बाद पद्धतीने. समजा 64 शाळा उतरल्या. पहिल्याच दिवशी 32 शाळांचे वर्ष संपते. जून ते मार्च सराव, आणि सामना एक, तोही घोट्याइतक्या चिखलात, जिथे पास देता येत नाही आणि ज्याची लाथ लांब जाते तोच जिंकतो. त्याऐवजी चार-चारचे 16 गट करा. गटात सहा सामने, म्हणजे 96, आणि पुढे गटविजेत्यांचे 15. एकूण 111. आज होतात 63. प्रत्येक शाळेला निदान तीन सामने मिळतात. त्यासाठी पाण्याचा निचरा होणारी चार मैदाने लागतात, स्टेडियम लागत नाही. गटांचे सामने आधीच्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत घेऊन पावसाळ्यात फक्त शेवटच्या फेऱ्या ठेवता येतील. वयाची अट पुढच्या वर्षीच्या तारखेने लावली की कुणाचे नुकसान नाही. हे क्रीडा संचालनालयाच्या एका परिपत्रकाचे काम आहे.

शाळेसाठी मोठे स्टेडियम बांधण्याचा मोह झाला तर अमेरिकेतल्या टेक्सासमधले ॲलन हायस्कूलचे उदाहरण बघा. तिथला फुटबॉल वेगळा, पण वेड तेच. सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून 18,000 आसनांचे स्टेडियम 2012 मध्ये उघडले. 2014 मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद करावे लागले आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाले. दुरुस्तीचा खर्च आराखडा करणारी आणि बांधणारी कंपनी यांनी उचलला.

2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यात शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. त्याच विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, आणि त्यासाठी त्याला लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. चेंडू फाटून गेले. मैदाने होती तशीच आहेत.

आणि एक काम याच महिन्यात होण्यासारखे आहे. अनेक शाळांत लोखंडी गोलपोस्ट नुसते ठेवलेले असतात, पोरे आडव्या दांडीला लोंबकळतात आणि ते पुढे कोसळतात. जगभर मुले याने दगावली आहेत. दांडीच्या मध्यावर दोर बांधून साधारण 110 किलोच्या जोराने पुढे ओढायचे. पोस्ट हलता कामा नये. हलला तर मागचा पाइप जमिनीत खुंट्यांनी ठोका किंवा त्यावर वाळूच्या गोण्या कायमच्या बांधा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रत्येक शाळेकडून या चाचणीचा सही केलेला कागद मागवावा, आणि तो आल्याशिवाय त्या शाळेच्या मैदानावर सामना लावू नये.

आपले,
कोल्हापुरातील काही माजी खेळाडू, पंच आणि मैदान राखणारे