जलपर्णी वेळेवर काढू द्या: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

तलावांतील आणि नद्यांतील जलपर्णी हाताने काढणाऱ्या स्वयंसेवकांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. आमची मुख्य मागणी पैशांची नसून वेळेची आहे. जलपर्णी थोडी असतानाच ती काढण्याची परवानगी आम्हाला मिळावी आणि काढलेला ढीग शासकीय यंत्रणेने लगेच उचलावा.

मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या मोहापायी जगभर नेली गेली. उबदार हवा आणि सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस मिळाले, की तिचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. या वेगाने निम्मा तलाव झाकलेला दिसतो, तेव्हा उरलेला निम्मा झाकायला दोनच आठवडे लागतात. मात्र तलाव निम्मा झाकला जाण्याच्या सहा आठवडे आधी तीच जलपर्णी तलावाच्या जेमतेम सोळाव्या भागावर असते. तेवढी काढणे माणसांच्या हातांना शक्य असते. प्रत्यक्षात पाणी दिसेनासे झाल्यावर तक्रारी येतात, मग निविदा निघते, आणि यंत्र काठावर पोहोचेपर्यंत फुले येऊन बी तळाच्या गाळात गेलेले असते.

ते बी 15 ते 20 वर्षांपर्यंत रुजण्याची क्षमता टिकवू शकते. म्हणूनच एकदा सफाई करून ‘तलाव जलपर्णीमुक्त झाला’ असे जाहीर करणे आणि लक्ष काढून घेणे मला सर्वांत घातक वाटते. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात 1990च्या दशकात जलपर्णीने मासेमारी आणि होड्यांची ये-जा अडवली होती. ती पुष्कळ आटोक्यात आल्यानंतरही पुढे काही भागांत पुन्हा फोफावली.

स्वयंसेवकांचे काम बाहेरून दिसते तितके सरळ नाही. रोपांना जोडणारा आडवा धुमारा तुटून पाण्यात राहिला, तर त्यापासून पुन्हा नवी रोपे वाढतात. वाहत्या पाण्यात सुटलेली रोपे खालच्या गावांकडे जातात, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी प्रवाहात तरंगता अडसर लावावा लागतो. या वनस्पतीच्या वजनात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते; ओला ढीग वाहून नेणे आमच्या ताकदीबाहेरचे आहे, आणि तो काठावरच राहिला तर पहिल्या जोरदार पावसात परत तलावात जातो. इतक्या जणांचे कष्ट केवळ वाहन न आल्यामुळे वाया जावेत, याचे फार दुःख होते.

तणनाशक फवारण्याची सूचना अनेकदा येते. मोठ्या प्रमाणात मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजली, तर विरघळलेला प्राणवायू घटून मासे मरतात, हे अशी सूचना करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जलपर्णी खाणारे नियोकेटिना भुंगेरे अनेक देशांत उपयोगी ठरले आहेत, परंतु त्यांचा परिणाम दिसायला काही वर्षे लागतात आणि तो निर्णय तज्ज्ञांचाच असावा. सांडपाणी प्रक्रिया न होता पाण्यात सोडले जाते तोवर आमचे हात अपुरेच पडणार, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आक्रमक परकीय प्रजातींमुळे जगाचे वर्षाला 423 अब्ज डॉलरहून अधिक नुकसान होते, असा अंदाज जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने 2023च्या अहवालात मांडला. प्रतिबंध आणि लवकर केलेली कारवाई हेच सर्वांत किफायतशीर उपाय असल्याचेही त्यात नोंदवले आहे. लवकर पाहणारे डोळे स्वयंसेवकांपाशी आहेत. मासेमार तर रोजच पाण्यावर असतात.

म्हणून प्रत्येक जलाशयासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, छायाचित्रासह कळवलेल्या नोंदीवर त्याने आठवड्याच्या आत परवानगी द्यावी, ढीग उचलण्याची तारीख त्याच पत्रात लिहावी, आणि पाण्यात उतरणाऱ्यांना जीवरक्षक जाकीट, हातमोजे व गमबूट पुरवावेत. सफाईनंतरही दर महिन्याच्या पाहणीची नोंद सार्वजनिक ठेवावी. येत्या फुलोऱ्यापूर्वी हा आदेश निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक स्वयंसेवक