कृषिमंत्री साहेब, आमच्या भाताचीपण आरटी-पीसीआर करा

मा. कृषिमंत्री, गोवा राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी दिचोली तालुक्यातला, वडिलोपार्जित दोन तुकडे आहेत, सरद म्हणजे पावसाळी भात करतो आणि पाणी पुरलं तर वायंगण, म्हणजे हिवाळी-उन्हाळी भातपण. गेल्या वायंगणात ज्योती ही भाताची जात मध्येच पिवळी पडायला लागली, सगळी नाही, चट्ट्याचट्ट्यांनी, आणि तिथली रोपं खुजीच राहिली. मोबाईलवर फोटो काढून ऑफिसात नेऊन दाखवला. एकजण म्हणाला युरिया घाला, दुसरा म्हणाला झिंक कमी आहे, दुकानदाराने तर फोटो न बघताच मावा किडीचं औषध हातात ठेवलं. तिन्ही केलं. पैसे गेले, भात पिवळं ते पिवळंच.

आता पिवळं पडायला आमच्याकडे कारणं काय कमी आहेत? तांबड्या जमिनीतलं लोह बाधतं, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरतं, नत्र कमी पडतं, आणि व्हायरस. बांधावरून सगळं सारखंच दिसतं.

बरं व्हायरस म्हटला तरी कुठला? टुंग्रो असला तर तो हिरवे तुडतुडे पसरवतात, माव्याचा काही संबंध नाही. आणि टुंग्रो म्हणजे एक नव्हे, दोन व्हायरस, एक डीएनएवाला जो रोप पिवळं-खुजं करतो आणि दुसरा आरएनएवाला, तो एकटा असला तर रोपावर धड दिसतही नाही, पण तो नसेल तर तुडतुड्याला पहिल्याला घेऊन दुसऱ्या रोपावर जाताच येत नाही. माव्याने पसरतो तो बार्ली यलो ड्वार्फ, मूळ गहू-बार्ली-ओटचा रोग, पण इटलीत तो भातावरपण येतो. माझ्या शेतात तोच होता असं मी म्हणत नाही, टेस्ट न करता कोणीच काही म्हणू नये एवढंच म्हणतो.

ह्या माव्याच्या व्हायरसची गंमत बायोटेक शिकणाऱ्या भाच्याने सांगितली. १९५१ साली कॅलिफोर्नियात त्याची पहिली नोंद झाली, मग कुठला मावा नेतो त्यावरून पीएव्ही, आरपीव्ही अशी नावं पडली, आपल्याकडे माणसाला वाड्यावरून ओळखतात तसंच. पुढे जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा जनुकसंच, वाचले तेव्हा कळलं की हे दोघे भाऊबंद नाहीतच, आज त्यांची कुळंच वेगळी धरतात. लक्षणं मात्र तीच! म्हणून आरटी-पीसीआर, म्हणजे पानातल्या आरएनएपासून डीएनए करायचा, व्हायरसच्या आवरणाच्या जीनला चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, घालून तेवढाच तुकडा वाढवायचा, आणि तरी शंका उरली तर त्या तुकड्याचा सीक्वेन्स, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रम, वाचायचा. कोविडात हा शब्द घराघरात पाठ झाला होता साहेब, तेच तंत्र.

मोठी बिल्डिंग नको. जुन्या गोव्यात एलाला केंद्राची शेती संशोधन संस्था आहे, विद्यापीठात शिकलेली पोरं आहेत. फक्त झोनल ऑफिसात पान स्वीकारायला एक माणूस, नंबर घातलेली पावती, आणि रिपोर्ट आठवड्याच्या आत, कारण भात कापून झाल्यावर आलेला रिपोर्ट काय मांडवावर लावायचा? रिपोर्टमध्ये व्हायरसचं नाव आणि त्याला नेणारा किडा दोन्ही लिहा, नाहीतर दुकानदार परत तीच बाटली देणार. केळीच्या पर्णगुच्छ रोगालापण हेच लागू करा, तोसुद्धा माव्यानेच पसरतो आणि एकदा लागला की गड्डा उपटण्याशिवाय इलाज नाही.

आरएनए उन्हात टिकत नाही म्हणतात, पान थंडच पोचलं पाहिजे. त्याची काळजी करू नका, नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, बर्फ आणि डबा मी घरून आणतो, तुम्ही खिडकी तेवढी उघडा.

आपला,
दिचोलीचा एक भातकरी