लेयर नंतर टाक, आधी तांब्या बघ

सोन्या,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की जेवलेला नाहीयेस. वस्तूंचे थ्रीडी आकार ओळखणारं तुझं मॉडेल फ्लॉवर पॉटला, म्हणजे कुंडीला, कधी वेस (फुलदाणी) म्हणतंय कधी प्लांट, गाईडनी सगळ्यांसमोर कारण विचारलं, तुला सांगता आलं नाही, आणि म्हणून आता तू त्या नेटवर्कमधे आणखी चार लेयर, म्हणजे थर, टाकणार. थांब जरा. मी पण याच विषयात एम.टेक. केलंय आणि अशीच अडकले होते.

आमच्या वेळी मला जनरलाइज्ड सिलिंडरचं वेड होतं, संशोधक बिनफर्डनी 1971 मधे मांडलेली आकार सांगायची कल्पना. आपला पाण्याचा तांब्या आठव. मधून उभी एक रेघ समज आणि त्या रेघेवरून एक गोल वर सरकतोय, बुडाशी लहान, पोटाशी फुगतो, गळ्याशी एकदम आवळतो आणि काठाला परत पसरतो. झाला तांब्या. आडवा पाडला, पालथा घातला तरी वर्णन तेच, कारण ती रेघ तांब्याची आहे, कॅमेऱ्याची नाही. 1978 मधे मार आणि निशिहारा या संशोधकांनी याच पद्धतीने माणूस मांडला, आधी अख्ख्या शरीराचा एक सिलिंडर, मग त्यात हात, हातात कोपरापुढचा भाग, मग पंजा, मग बोटं. मला अजूनही ते फार सुंदर वाटतं.

पण खुर्चीवर टाकलेली चादर घे. तिची रेघ कुठून काढणार? मी सहा महिने कोडमधे चूक शोधत होते रे, आणि कोड बरोबर होता, चादर त्या भाषेत, म्हणजे आकार सांगायच्या त्या पद्धतीत, बसतच नव्हती.

तुझ्याकडच्या भाषांचंही तसंच आहे. 2015 मधे मॉडेलनेटसोबत, म्हणजे तू वापरतोस त्या लेबल लावलेल्या थ्रीडी वस्तूंच्या संग्रहासोबत, जे नेटवर्क आलं त्यात वस्तू 30×30×30 च्या खोक्यांत भरायचे, म्हणजे 27,000 खोकी, ऐकायला खूप वाटतात पण कपाचा बारीक कान त्यात एक-दोन खोक्यांचा उरतो. त्याच वर्षी दुसऱ्यांनी वस्तूभोवती फिरून 12 बाजूंची चित्रं काढली, ती साधे फोटो ओळखणाऱ्या टूडी नेटवर्कला दिली, आणि खोक्यांपेक्षा चांगला रिझल्ट आणला! तुझं पॉइंटनेट 2017 चं, ते वस्तूच्या पृष्ठभागावरचे नुसते ठिपके, म्हणजे पॉइंट, घेतं. पॉइंट कुठल्याही क्रमाने द्या, उत्तर तेच, कारण शेवटी प्रत्येक फीचरसाठी, म्हणजे नेटवर्कने मोजलेल्या प्रत्येक गुणासाठी, सगळ्या पॉइंटमधला फक्त सगळ्यात मोठा आकडा ठेवतात. युक्ती जबरदस्त आहे, पण कुठला पॉइंट कुणाला लागून आहे, ती बारीक घडण त्यात निसटते.

आणि आता तुझी कुंडी. कुंडी आणि फुलदाणी, दोघींची रेघ तीच, सरकणारा गोलही जवळपास तसाच. वर झाड असलं तर पॉट म्हणायचं का प्लांट, हे आकारात कुठे लिहिलेलंच नाही, लेबल लावणाऱ्याने ठरवलंय. ते चार लेयरनी कसं सुटेल? गाईडना हे सांग, मान खाली घालायचं काही कारण नाही.

मॉडेलनेटच्या टेस्ट सेटमधे, म्हणजे परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या वस्तूंमधे, फ्लॉवर पॉट 20च आहेत. आज रात्री ट्रेनिंग लावू नकोस, ते वीसच्या वीस स्क्रीनवर उघड, हाताने फिरवून बघ, आणि प्रत्येकापुढे लिही की लेबल लपवलं तर तू स्वतः काय म्हटलं असतंस. मग प्रत्येकावरचे 1024 पॉइंट घेऊन तेच परत बघ, नुसते ठिपके, आणि काय काय गेलं ते लिही. कितीही वाजले तरी फोन कर, मी जागी आहे. आणि आधी जेव.

आई